ख्रिस्ती अभ्यासासाठी आणि आध्यात्मिक वाढीसाठी पुस्तकं कशी निवडायची? मराठीतून सुरुवात करायचीय

तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं, इंग्रजी पुस्तकं जड जातात आणि दुकानात गेलं की काय उचलू तेच कळत नाही. मी गोव्यातल्या डिचोलीचा, शाळा मराठीतून झाली, आता चर्चमध्ये मुलांना दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षण, शिकवतो, त्यामुळे प्रश्न अगदी जवळचा वाटला.

पहिलं म्हणजे महिनाभर नवीन पुस्तक घेऊच नका. मी फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) एका स्टॉलवरून एकदम सात आणली होती, प्रत्येकाची वीसेक पानं झाली आणि प्रार्थना होती तिथेच राहिली. मग आमच्या फादरनी सांगितलं, फक्त मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूच्या जीवनावरचं पुस्तक, घे, 16च अध्याय आहेत, रोज अर्धा, मोठ्याने वाच आणि पाच मिनिटं गप्प बस. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे बघा, माझा विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालवायला मदत कर म्हणतो, तिथे मी तीन दिवस पुढे गेलोच नाही, आई तेव्हा हॉस्पिटलात होती. मला तेव्हा समजलं की पुस्तक किती वाचलं यापेक्षा कुठे थांबलो ते मोठं.

बायबल घेताना एवढं बघा की कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट बायबलात 66, तुमच्या चर्चमध्ये जे वाचतात तेच घ्या, नाहीतर मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) तोबीतमधला उतारा आला की घरी सापडत नाही, कारण ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलात नसतं.

बाकी पुस्तकांना माझी एकच परीक्षा. मधलं कुठलंही पान उघडायचं, तिथे दिलेली वचनं बायबलात काढून त्यांच्या मागचंपुढचं वाचायचं. लेखकाने अर्थ ओढूनताणून लावलेला असला तर लगेच दिसतं. आणि अमुक प्रार्थना केली की पैसा येईल, रोग जाईल असं छातीठोकपणे सांगणारं पुस्तक परत ठेवा, दुःखात असलेल्या माणसाला ते फार खोल जखम करतं.

मराठीत आपल्याकडे काय आहे ते मात्र खरंच बघा हो! मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं, तेही रोमी लिपीत. जवळजवळ 11 हजार ओव्या, पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात येशूचं चरित्र. देवनागरीतली प्रत घ्या, भाषा जुनी आहे म्हणून घाबरू नका, ज्ञानेश्वरी कानावर असेल तर चाल लगेच बसते. मी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, रोज थोडं दुसरं पुराण वाचतो.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे. नवऱ्याचा बाप्तिस्मा 1895 ला, त्यांचा स्वतःचा 1900 ला, मधल्या पाच वर्षांत स्वतःच्या मनात काय काय झालं ते त्या इतक्या खरेपणाने सांगतात की स्पिरिच्युअल ग्रोथ म्हणजे काय ते मला कुठल्याही गाइडपेक्षा तिथे जास्त कळलं.

संत इग्नेशियसची आध्यात्मिक साधना, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या सरावांचं पुस्तक, सध्या नको. ती वाचायची गोष्टच नाही, कोणीतरी अनुभवी माणूस सोबत घेऊन महिनाभर करायची असते.

तुमचं चर्च कुठलं आणि घरी कुठलं बायबल आहे ते कळवा, म्हणजे मार्कनंतर काय घ्यायचं ते सांगतो.