विचारा बिनधास्त : श्रीशैलम एका दिवसात होतं का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. डिसेंबरमध्ये भाच्याच्या लग्नाला हैदराबादला जायचंय. लग्नानंतर एक दिवस मोकळा आहे, तर सासूबाई म्हणतायत एवढ्या लांब जातोय तर श्रीशैलमच्या मल्लिकार्जुन ज्योतिर्लिंगाचं दर्शन पण घेऊ, सकाळी निघू रात्री परत येऊ. त्यांचं वय ७१, गुडघे कुरकुरतात. जमेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, नका करू असं. ट्रॅव्हल्सवाले सर्रास 'वन डे श्रीशैलम' विकतात पण त्यात माणूस देवळापेक्षा गाडीतच जास्त बसतो. हैदराबादहून अंतर साधारण २१५ किलोमीटर, मॅपवर बघितलं की वाटतं पाच तासात पोचू, पण शेवटचा मोठा भाग नल्लमलाच्या जंगलातून जातो, वळणावळणाचा घाट, दोन्ही बाजूला व्याघ्र प्रकल्प, अलीकडे तेलंगणाचा अमराबाद आणि कृष्णा ओलांडली की आंध्रचा नागार्जुनसागर-श्रीशैलम. आणि मुख्य म्हणजे रात्री ९ ते सकाळी ६ जंगलातून गाडी सोडत नाहीत, मन्ननूरला फॉरेस्टचं चेकपोस्ट आहे तिथे फाटक पडतं. मग दर्शनाच्या रांगेत उभं राहून सारखं घड्याळ बघायचं, निघायला उशीर झाला तर अडकू म्हणून, आणि त्यात सासूबाईंचे गुडघे. कशाला?

लग्नाच्या परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकला आणि तिथे मुक्काम करा. देवस्थानच्या खोल्या ऑनलाइन बुक होतात, शिवाय वेगवेगळ्या समाजांची सत्रं म्हणजे आपल्या धर्मशाळा भरपूर आहेत. शनिवार-रविवार आणि सोमवार शक्यतो टाळा, महाशिवरात्रीला तर वयस्कर माणसांना नेऊच नका. विमानाने जाणाऱ्यांसाठी सांगते, शमशाबादचा एअरपोर्ट शहराच्या त्याच बाजूला आहे, त्यामुळे हैदराबादच्या ट्रॅफिकमध्ये न शिरता थेट श्रीशैलम रोडला लागता येतं. (ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.)

स्पर्शदर्शन म्हणजे पिंडीला हात लावून दर्शन हवं असेल तर तिकीट आधी काढा आणि कपडे बघून घ्या, पुरुषांना धोतर किंवा पंचा, बायकांना साडी किंवा ओढणीसकट चुडीदार, जीन्सवर सोडत नाहीत. मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. मल्लिकार्जुनाचं दर्शन झालं की लोक लगेच प्रसादाच्या काउंटरकडे पळतात, तसं करू नका, त्याच आवारात मागे भ्रमरांबा देवीचं मंदिर आहे, अठरा शक्तिपीठांतलं. ज्योतिर्लिंग आणि शक्तिपीठ एकाच आवारात, तिथपर्यंत जाऊन देवीला न भेटता येणं मला तरी पटत नाही. बाहेरच्या दगडी तटावर कोरीवकाम आहे, हत्ती, शिकारी, पुराणातले प्रसंग, ते बघायला अर्धा तास ठेवाच. पाताळगंगेला म्हणजे खाली कृष्णेवर जायला पायऱ्या शेकड्यांनी आहेत, सासूबाईंना रोपवेने न्या, पण तो चालू आहे का ते आधी विचारा. साक्षी गणपती रिक्षाने होतो, हा गणपती हातात वही-लेखणी घेऊन कोण कोण येऊन गेलं त्याची नोंद ठेवतो म्हणतात, तिथे हजेरी लावल्याशिवाय सासूबाई परत येणार नाहीत हे लिहून घ्या!

प्रश्न : श्रीशैलमच्या देवळाच्या एका गोपुराला शिवाजी महाराजांचं नाव आहे असं ऐकलं, खरं का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : खरं आहे. उत्तरेकडचं गोपुर. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची भेट झाल्यावर महाराज श्रीशैलला गेले होते. सभासद बखरीत लिहिलंय की ती जागा बघून महाराजांना एवढं वैराग्य आलं की देवीपुढे शिर अर्पण करायला निघाले, तेव्हा देवीने अजून कार्य बाकी आहे असं सांगून थांबवलं. बखरीतली गोष्ट आहे, ती बखरीसारखीच वाचावी, पण महाराज तिथे गेले होते याबद्दल वाद नाही. गावात त्यांचं स्मारकही आहे. आपली बरीच मंडळी ज्योतिर्लिंगाची यादी पुरी करायला जातात आणि हे न बघताच परततात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

प्रश्न : श्रीशैलमजवळच्या अक्कमहादेवीच्या गुहेत मुलांना नेता येईल का? ८ आणि ११ वर्षांची आहेत.
— एक वाचक, खारघर

उत्तर : अकरावाला मजेत येईल, आठवाल्याचं तुम्ही ठरवा. पाताळगंगेहून धरणाच्या पाण्यातून बोटीने जायचं, मग चढ, आणि गुहेत शेवटी अंधारी चिंचोळी वाट, जाड माणसाला आडवं होऊन सरकावं लागतं. अक्कमहादेवी ही बाराव्या शतकातली कन्नड शिवभक्त कवयित्री इथे तप करत होती असं मानतात. बोट पाण्यावर अवलंबून असते, त्यामुळे आदल्या दिवशी धक्क्यावर चौकशी करा, टॉर्च घ्या, आणि खाऊची पिशवी माकडांना दिसेल अशी धरू नका.