दमास्कसच्या जुन्या भागात एवढ्या वेड्यावाकड्या गल्ल्या आहेत, तरी ते आखून बांधलेलं शहर होतं असं का म्हणतात?

कारण ती आखणी गल्ल्यांमध्ये अजून टिकून आहे. बरदा नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात ग्रीकांनी काटकोनात रस्ते पाडले, रोमनांनी तीच आखणी पुढे नेली. पूर्व-पश्चिम जाणारा ‘सरळ रस्ता’ तेव्हा चांगला ऐसपैस होता, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. पुढच्या काही शतकांत दुकानं पुढे सरकत गेली आणि त्याचा अरुंद बाजार झाला. दिशा मात्र तीच राहिली. पूर्वेची रोमन वेस आजही उभी आहे.

माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा उमय्यद मशिदीची. तिथे आधी अरामी लोकांच्या हदाद देवाचं मंदिर होतं, मग रोमनांचं ज्युपिटरचं, मग चर्च. खलिफा पहिला वलीद याने उभारलेली मशीद इ.स. ७१५च्या सुमारास पुरी झाली, पण आवाराच्या भिंती बऱ्याच अंशी रोमन मंदिराच्याच आहेत. उस्मानी काळातल्या हमीदिया बाजारातून छपराखालून चालत गेलात, की टोकाला ज्युपिटरच्या मंदिराचे उंच खांब एकदम समोर येतात, आणि त्यांच्या पलीकडे लगेच मशीद. नकाशा समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करा.