मॅक्स चिल्ड्रन वाढवण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. साइट एरवी नीट चालते, गर्दी झाली की ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, अशी त्रुटी) देते आणि पीएचपी-एफपीएमच्या, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेस (वर्कर) सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची (एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर, त्याची) मर्यादा गाठल्याची ओळ येते. ती मर्यादा ५ वरून थेट ५०० करावी का, असं विचारलंस. करू नकोस.

एफपीएमचा एक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. सेकंदाला ५० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल, तर सरासरी १० वर्कर गुंतलेले राहतात. त्याच रिक्वेस्ट डेटाबेसपाशी अडून २ सेकंदांच्या झाल्या की १०० वर्कर लागतात. गर्दी तेवढीच, गरज मात्र दहापट. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम हाच. म्हणून आधी वेळ बघ, मग संख्या.

त्यासाठी स्लोलॉग, म्हणजे रेंगाळलेल्या रिक्वेस्टची नोंदवही, चालू कर. मुळात तो बंद असतो. मर्यादा २ सेकंदांची ठेव. रिक्वेस्ट नेमकी कुठल्या फंक्शनमध्ये अडकली ते त्यात दिसतं. बहुतेक वेळा इंडेक्स नसलेली क्वेरी सापडते, नाहीतर पेमेंट किंवा एसएमएस गेटवेला केलेला, टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) न दिलेला कर्ल कॉल, म्हणजे पीएचपीमधून दुसऱ्या सर्व्हरला केलेली विचारणा. हा दुसरा प्रकार फार घातक. पीएचपीमध्ये कर्लला एकूण वेळेची मर्यादा आपोआप नसते आणि लिनक्सवर मॅक्स एक्झिक्युशन टाइममध्ये (पीएचपी स्क्रिप्टच्या कमाल वेळेत) बाहेरच्या उत्तराची वाट पाहण्यातला वेळ धरलाच जात नाही. एफपीएमच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर एनजिनएक्स ६० सेकंदांनी कंटाळून ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही) देतो, पण मागे तो वर्कर तसाच अडकलेला राहतो. कर्लला ५ सेकंद दे, आणि शेवटचा उपाय म्हणून रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट (इतक्या वेळानं एफपीएम अडकलेला वर्कर स्वतः मारतो) ३० सेकंद.

आता संख्या. ती मेमरी ठरवते. ४ जीबीच्या मशीनवर सिस्टीम, एनजिनएक्स आणि डेटाबेससाठी १.५ जीबी बाजूला काढलीस तर २.५ जीबी उरते. वर्करमागे ६० एमबी धरले तर ४२ वर्कर मावतात. थोडी मोकळीक ठेवून ३५ लिही. हे ६० मात्र उदाहरणापुरते, तुझा आकडा तूच मोज. पीएस कमांडमधला आरएसएस (प्रोसेसनं व्यापलेली मेमरी) फसवतो, कारण ऑपकॅशची (तयार केलेला पीएचपी कोड जपून ठेवणाऱ्या भागाची) सामायिक मेमरी तो प्रत्येक वर्करच्या नावावर पुन्हा पुन्हा मांडतो. स्मेम या टूलचा पीएसएस रकाना (सामायिक मेमरी वर्करांमध्ये वाटून मोजणारा) बघ, आणि तोही गर्दीच्या वेळी.

५०० लिहून काय होतं? मेमरी संपून मशीन स्वॅपमध्ये (मेमरीऐवजी वापरल्या जाणाऱ्या, बऱ्याच हळू डिस्कवर) जातं, प्रत्येक रिक्वेस्ट आणखी रेंगाळते, म्हणून आणखी वर्कर उठतात, आणि शेवटी कर्नल सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसला मारतो. एकाच मशीनवर असेल तर ती बहुधा मायएसक्यूएल. डेटाबेस वेगळ्या मशीनवर असला तरी मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ कनेक्शनची आहे, हे दोन-तीन ॲप सर्व्हर लावताना विसरू नकोस.

मशीन फक्त याच साइटसाठी असेल तर एफपीएमचा मोड स्टॅटिक (सगळे वर्कर कायम चालू) ठेव. डायनॅमिकमध्ये एफपीएम सेकंदाला एकदा मोकळे वर्कर मोजतो आणि टप्प्याटप्प्याने वाढवतो. दिवसभर हळूहळू चढणाऱ्या गर्दीला ते पुरतं. दहावीचा निकाल लागतो त्या मिनिटाला मात्र सगळे एकदमच येतात. तिथे वर्कर आधीपासून उभे हवेत. ऑनडिमांड (रिक्वेस्ट आल्यावरच वर्कर उठवणारा मोड) एकाच मशीनवर वीस लहान साइट असतील तेव्हा.

बॅकलॉगबद्दल (मोकळ्या वर्करची वाट पाहणाऱ्या रांगेच्या लांबीबद्दल) थोडक्यात: एफपीएमचा ५११ असला तरी कर्नलचा सोमॅक्सकॉन (अशा रांगेची कमाल मर्यादा) त्याहून लहान असेल तर तोच लागू होतो. जुन्या कर्नलवर तो १२८ असतो, ५.४ पासून ४०९६. रांग फार लांब केलीस तर वाट पाहून निघून गेलेल्यांसाठीही वर्कर राबत बसतात.

एफपीएमचं स्टेटस पान चालू कर, बाहेरून उघडणार नाही अशा बेतानं. दुसऱ्या मशीनवरून डब्ल्यूआरके हे भार-चाचणीचं टूल लावून भार दे आणि त्या वेळचे ॲक्टिव्ह प्रोसेसेस (गुंतलेले वर्कर), लिसन क्यू (थांबलेली रांग) आणि पीएसएसचे आकडे मला पाठव. स्लोलॉगमधल्या पहिल्या दहा नोंदीही जोड.