होज बदलल्यावर एल-जेट्रॉनिक गाडी पेटते आणि लगेच बंद पडते

१९७०च्या दशकातली एल-जेट्रॉनिक (बॉशची इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम) गाडी, पेट्रोलचे सगळे होज (रबरी नळ्या) नवे, सेल्फ मारला की इंजिन पेटतं आणि चावी सोडली की बंद पडतं. तुम्ही सांगितलेल्या या लक्षणावरूनच बरंच कळतं. पण आधी गळती तपासा, तोवर सेल्फला हात लावू नका.

या सिस्टिममध्ये पेट्रोल साधारण २.५ बार दाबाने खेळतं. कार्बोरेटरचा होज इथे चालत नाही; होजवर एसएई ३०आर९ (इंजेक्शनच्या होजचं मानक) छापलेलं हवं. आतला व्यास नळीला घट्ट बसणारा घ्या, सैल होज क्लॅम्पने आवळून भागवू नका. जाळीदार पट्टीचे वर्म क्लॅम्प रबर कापतात, म्हणून गुळगुळीत पट्टीचे, इंजेक्शनसाठीचेच वापरा.

आता पंपाने दाब चढवून गळती तपासायची. टाकीतलं पेट्रोल पंपापर्यंत उतरलंय याची खात्री करा. हा पंप पेट्रोलनेच थंड होतो, कोरडा फिरवला तर खराब होतो. एअरफ्लो मीटरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) तोंडाकडून एअर फिल्टर काढा, चावी ऑन करा (सेल्फ नको) आणि आतली झडप बोटाने हळूच ढकला. पंपाची घरघर ऐकू यायला हवी. इंजिन फिरत नसल्यामुळे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडत नाहीत, सिलिंडरमध्ये पेट्रोल जात नाही. पाच-दहा सेकंद पुरे, मग चावी बंद. जास्त वेळ ऑन ठेवली तर इग्निशन कॉइल तापते. आता कोरडा पांढरा कागद प्रत्येक जोडाच्या खालच्या बाजूला टेकवून बघा. सगळे इंजेक्टर, कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा), पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर, पेट्रोल फिल्टर, एकही जोड सोडू नका. असं दोन-तीनदा करा. कागदावर एवढासा ओला ठिपका दिसला तरी काम थांबवा. हे होज तापलेल्या इंजिनाशेजारून जातात, त्यामुळे जुन्या गाड्या जळण्याचं गळती हे नेहमीचं कारण आहे. अग्निशामक हाताशी असू द्या.

झडप ढकलूनही पंप गप्प असेल, तर बिघाड मीटरमधला कॉन्टॅक्ट, रिले किंवा पंपाची वायर यांत आहे. पंप चालला, तर तुमचा बिघाड बहुधा हवेच्या बाजूला आहे. कारण असं: सेल्फ फिरतो तेवढा वेळ पंपाला वीज सेल्फच्या सर्किटमधून मिळते. चावी मागे आली की हवेने झडप उचलली तरच कॉन्टॅक्ट जुळतो आणि पंप चालू राहतो. हवा झडपेला वळसा घालून आत शिरली, तर झडप उचलत नाही, पंप थांबतो, इंजिन बंद. होज बदलताना मीटर आणि थ्रॉटलमधला मोठा रबरी बेलो बाजूला सारावा लागतो, आणि त्याची चीर बहुधा खालच्या घडीत असते, वरून दिसत नाही. काढून, ताणून, उजेडात धरून बघा. ऑइलचं झाकण, डिपस्टिकचं सील आणि सुटलेला एखादा व्हॅक्यूम पाइपही हाच परिणाम करतात.

इंजिन चालू राहिलं पण काळा धूर येत असेल, तर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप बघा. तो निघालेला असेल तर दाब आयडलला खाली येत नाही. त्या पाइपात पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, रेग्युलेटर बदलाच. सप्लाय आणि रिटर्न उलटे लागले तर दाब भलताच चढतो. रिटर्न रेग्युलेटरच्या मधल्या नळीतून टाकीकडे जातो.

एकच सिलिंडर मिस करत असेल, तर होज कापताना पडलेला रबराचा कण इंजेक्टरच्या जाळीत अडकला असण्याची शक्यता मोठी. आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन फिरवू नका. आधी गळणारा इंजेक्टर शोधा, मग ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाही.