दीड लाखाचा संगणक घ्यायचा का?

प्रश्न: मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला. कॉलेजच्या स्पर्धेत प्रत्येकाने आपापला संगणक आणला होता, त्यात याचा जुना लॅपटॉप मागे पडला. ‘हा अन्याय आहे’ म्हणत तो आता दीड लाखाचा संगणक मागतोय. कर्ज काढावं का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, कर्ज काढू नका. पण मुलाची तक्रारही उडवून लावू नका, ती खरी आहे. 2008 साली बीजिंगच्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत रिब्का हा प्रोग्राम 40 कोअरच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर खेळला (कोअर म्हणजे संगणकातला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग). पुढच्या वर्षी स्पेनमधल्या पाम्प्लोनाला आयोजकांनी 8 कोअरची मर्यादा घातली. त्यावरही वाद झाला, कारण अनेक यंत्रांकडून एकत्र काम करून घेणं हेही कौशल्यच आहे. शेवटी 2010 मध्ये जपानमधल्या कानाझावाला मर्यादा उठली आणि सगळे प्रोग्राम एकसारख्या यंत्रावर चालवणारी वेगळी स्पर्धा सुरू झाली. मला हा तोडगा मनापासून पटतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तर कोणाच्या घरी किती पैसा आहे हे मोजलं जाऊच नये. कॉलेजच्या लॅबमधल्या सारख्याच यंत्रांवर सामने घ्या, असा लेखी अर्ज त्याने सरांकडे द्यावा.

आता करिअरचं. या क्षेत्रात किंमत आहे ती आहे त्या यंत्रातून जास्त काम काढणाऱ्याला. त्याला विचारा, तुझा प्रोग्राम आधी कोणती खेळी तपासतो? अल्फा-बीटा पद्धतीत, म्हणजे वाईट ठरलेल्या खेळीच्या पुढच्या शक्यता न तपासता सोडून देण्याच्या रीतीत, चांगल्या खेळ्या आधी तपासल्या, तर जिथे 10 लाख स्थिती पाहाव्या लागल्या असत्या तिथे अगदी उत्तम क्रम लागल्यास सुमारे 2 हजारांत भागतं. एवढी बचत महागडं ग्राफिक्स कार्ड करून देत नाही. पटाची 64 घरं 64 बिटच्या एका आकड्यात मावतात (दर घराला एक बिट, म्हणजे सोंगटी आहे की नाही हे सांगणारा 1 किंवा 0), तेही त्याने वापरून पाहावं.

दुसरं म्हणजे मोजायला शिकणं. स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही पाहू आणि बदलू शकतं. त्यात सुचवलेला बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखतात, जुनी आणि नवी आवृत्ती एकाच यंत्रावर, सारख्याच वेळेत. तिथे त्याने एखादी छोटी सुधारणा पाठवावी. नापास झाली तरी का झाली हे नीट लिहून ठेवावं. बँकांच्या, गेमच्या किंवा चिपच्या कंपन्यांत मुलाखतीला जाताना ही वही मोठ्या संगणकाच्या पावतीपेक्षा जास्त कामाला येईल.

लॅपटॉपची रॅम वाढवता येत असेल, तर तेवढी मात्र जरूर वाढवून द्या.