‘फ्रॅजाइल लँडस्केप’ला मराठीत काय म्हणायचं?

कोल्हापूरच्या एका मुलीचा प्रश्न: “दादा, शाहू स्मारकच्या कलादालनात माझ्या एचिंगचं, म्हणजे आम्लानं पत्र्यावर रेघा कोरून काढलेल्या छापांचं, प्रदर्शन लागतंय. विषय पंचगंगेचा काठ आणि पन्हाळ्याचे उतार, पावसागणिक बदलणारे. इंग्रजी नाव ‘फ्रॅजाइल लँडस्केप्स’. मराठीत ‘नाजूक निसर्गचित्रे’ चालेल?”

नाही चालणार. त्यात नाजूक ठरतात ती चित्रं. लोक काचेला हात न लावता पुढं सरकतील. निसर्गचित्र म्हणजे जमिनीचं चित्र, जमीन नव्हे. जमिनीसाठी ‘भूदृश्य’ आहे, पण तो बिचारा पुस्तकाबाहेर पडत नाही. आपले चित्रकारसुद्धा “लँडस्केप करायला रंकाळ्यावर गेलो” असंच म्हणतात.

राहिलं ‘फ्रॅजाइल’. ‘नाजूक’ फारसीतून आला आणि तब्येत, प्रकरण, परिस्थिती यांत रमला. “माझं रान नाजूक आहे” असं म्हणणारा शेतकरी मला अजून भेटायचाय. ‘भंगुर’ संस्कृत, मोडणे या अर्थाच्या ‘भञ्ज्’ धातूवरून. पण मराठीत तो ‘क्षण’ला असा चिकटलाय, की एकटा लिहिला तर कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘ठिसूळ’ हाडांना आणि खडूला ठीक. ओल्या गाळाचा काठ ठिसूळ कसा असेल? तो ढासळतो.

आता नदीकडेची माणसं काय म्हणतात ते बघ. पूर ओसरल्यावर बांधावर उभा राहून माणूस सांगतो, “नदीनं मळी खाल्ली.” (मळी म्हणजे कारखान्याची नव्हे, काठची गाळाची जमीन. परगावच्या पाहुण्यांसाठी तेवढी तळटीप टाक.) 2021 च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता ‘खचला’. दरड ‘कोसळते’, काठ ‘ढासळतो’, बांध ‘फुटतो’. जमीन कशी आहे यापेक्षा तिचं काय झालं, हे आपण आधी बोलतो. म्हणून तू विशेषण शोधत बसलीस आणि अडलीस.

शिवाय ‘खाणे’ तुझ्या आम्लाच्या ट्रेमध्येही आहेच. एचिंग होताना मी एकदाच जवळून पाहिलंय: मेणाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा, त्यावर सुईनं उघड्या केलेल्या रेघा, वर नायट्रिक आम्ल. रेघेवर बारीक बुडबुडे धरले की ते पिसानं अलगद बाजूला सारायचे. मी विचारलं, “आता काय चाललंय?” उत्तर आलं, “खातंय.” जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल जाते, शाई जास्त धरते, काळी उमटते. मेण कुठं सुटलं असेल तर “नको तिथं खाल्लं”, आणि पत्र्यावर खड्डे. नदी काठाचं करते तेच आम्ल पत्र्याचं करतं, आणि मराठीनं दोघांना एकच क्रियापद दिलंय. इतकं आयतं जुळलेलं सोडू नकोस.

मी नाव ठेवलं असतं ‘खाल्लेले काठ’. पन्हाळाही हवाच असेल तर ‘खाल्लेले काठ, खचलेले उतार’. पण मला पहिलं आवडतं, दुसरं पत्रिकेवर लांबडं दिसतं.

आणि चित्राखालच्या चिठ्ठीवर नुसतं ‘प्रिंट’ लिहू नकोस, कुठल्या दुकानात काढली म्हणून विचारतील. ‘मुद्राचित्र’ बरोबर आहे, ‘छापचित्र’ तोंडात बसतं. छापचित्र लिही.