बँकेचा काउंटर सोडून टेस्टिंगमध्ये जाऊ का?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, सांगलीत एका सहकारी बँकेत काउंटरला आठ वर्षं झाली. वय ३२. मिस्टरांची बदली पुण्याला झालीये, त्यामुळे मलाही तिकडे जायचंय. सगळे म्हणतात सॉफ्टवेअर टेस्टिंगला कोडिंग लागत नाही, ते कर. एक क्लासवाले म्हणतायत साठ हजार भरा, शंभर टक्के प्लेसमेंट, वर बायोडेटात तीन वर्षांचा आयटीचा अनुभव आम्ही दाखवतो. करू का?

उत्तर : ताई, टेस्टिंगकडे जरूर या, पण त्या क्लासला आजच नाही म्हणून टाका. खोटा अनुभव फार दिवस टिकत नाही हो, तुमचा पीएफ आठ वर्षं बँकेतून कापला जात असेल तर यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरच्या, सर्व्हिस हिस्ट्रीत कुठे कधीपासून कधीपर्यंत होता ते सगळं दिसतं आणि कंपन्या बॅकग्राउंड चेकमध्ये नेमकं तेच बघतात, जॉइन झाल्यावर सापडलं तरी घरी बसवतात.

आणि मुळात खोटं बोलायची गरजच काय? तुमचा खरा अनुभवच कामाचा आहे. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, हे तुम्हाला झोपेतही माहितीये. टेस्टर काय करतो, तर १,९९,९९९ टाकून बघतो, मग २,००,०००, मग २,००,००१, कारण चुका बहुतेक अशा काठावरच सापडतात. याला बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात, इंटरव्ह्यूला हमखास विचारतात. किंवा आयएफएससी घ्या, ११ अक्षरी, पाचवं कायम शून्य. कस्टमर तिथे इंग्रजी ओ लिहून आणतो हे तुम्ही कितीदा तरी पाहिलं असेल, मग ॲप तो ओ अडवतं का, आणि अडवलं तर मेसेज नीट समजेल असा देतं का, झाली की तुमची टेस्ट केस! कॉलेजमधून नुकत्याच आलेल्या मुलाला हे सुचायला वेळ लागतो.

कोडिंग लागत नाही हे मात्र अर्धंच खरं. मॅन्युअलवर, म्हणजे हाताने तपासण्यावर, सुरुवात होते, पण नुसत्या मॅन्युअलवर पुढे अडतं, माझं स्पष्ट मत आहे. आधी टेस्ट केस आणि बग रिपोर्ट (सापडलेल्या चुकीची नोंद) लिहायला शिका, अशा नोंदी जिथे ठेवतात ते जिरा सॉफ्टवेअर बघून ठेवा. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, ते मात्र मनापासून करा, कारण स्क्रीनवर ट्रान्सफर सक्सेसफुल दिसतं आणि टेबलमध्ये एकाच खात्याची एंट्री पडलेली असते, तुमच्या भाषेत डेबिट-क्रेडिट टॅली नाही. त्यानंतर पोस्टमन नावाच्या टूलवर एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलतात ते, तपासायला शिका, आणि कोड लिहून टेस्टिंग आपोआप करून घ्यायची सेलेनियम किंवा प्लेराइट ही टूल्स सगळ्यात शेवटी, घाई नको.

सर्टिफिकेट हवंच असेल तर आयएसटीक्यूबी फाउंडेशन ही टेस्टिंगची पायाभूत परीक्षा द्या, ४० प्रश्न, पास व्हायला २६, आयटीची डिग्री लागत नाही. पण त्यावर नोकरी मिळेल असं धरून चालू नका, बायोडेटा पुढे सरकायला थोडी मदत होते एवढंच.

पुण्यात अर्ज करताना बँकिंग आणि पेमेंटची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आधी बघा, बायोडेटात बँकेचं काम सगळ्यात वर लिहा. पगार सुरुवातीला आत्तापेक्षा कमीही मिळू शकतो, म्हणून ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, मिस्टरांशी बोलून थोडे महिने तसे काढता येतील का बघा. आणि दुसरा क्लास शोधलात तर आधी डेमो लेक्चरला बसा, एसक्यूएल किती तास आणि कोणत्या डेटाबेसवर करून घेणार ते विचारा, तिथे उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नका.